‘नियमच आहे तसा!’ पण तो नियम आला कुठून? कायद्याची उतरंड समजून घ्या



व्हिडिओत हा विषय थोडा भरभर झाला. इथे तो सावकाश घेऊ, कारण हा धडा एकदा नीट समजला की पुढची अनेक वर्षं उपयोगी पडतो.

समजा, तुम्ही सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा छोटा उद्योग सुरू करताय. चव तयार आहे, पाकिटं छापून आलीत, दोन बायका मदतीला आहेत. पहिल्या महिन्यातच पाच जण तुम्हाला पाच गोष्टी सांगतात.

१. एजंट म्हणतो, ‘फूड लायसन्सशिवाय एक पाकीटसुद्धा विकता येत नाही. नियम आहे.’

२. शेजारचा दुकानदार म्हणतो, ‘जीएसटी वीस लाखांनंतर.’ त्याचाच भाऊ म्हणतो, ‘छे, चाळीस लाख.’

३. विजापूरहून आलेले पाहुणे म्हणतात, ‘आमच्या हायकोर्टाने हे रद्द केलंय, तुम्ही कशाला भरताय?’

४. घाऊक खरेदीदार म्हणतो, ‘पैसे नव्वद दिवसांनी. बाजाराचा नियमच आहे.’

५. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘नवीन परिपत्रक आलंय, सर्व व्यावसायिकांना बंधनकारक.’

पाचही ठिकाणी शब्द एकच, ‘नियम’. पण त्यामागचे कागद पाच वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. हे वजन ओळखता आलं नाही तर नुकसान दोन्हीकडून होतं. जे देणं लागत नाही त्याचे पैसे जातात. आणि जे खरंच बंधनकारक आहे ते ‘काही होत नाही हो’ म्हणून सोडलं तर नोटीस येते, दंड बसतो.

म्हणून आजचा धडा एका वाक्यात: कुणीही ‘नियम आहे’ म्हटलं की विचारायचं, कुठला कागद, कुणी काढला, आणि तो मला लागू आहे का?

उतरंड कशी रचलेली असते?

जुन्या घरात मडक्यांची उतरंड तुम्ही पाहिली असेल. सगळ्यात मोठं मडकं तळाला, त्यावर लहान, त्यावर अजून लहान. वरच्या मडक्याला आधार खालच्याचा. खालचं हललं की वरचं पडलंच. कायद्याचंही तसंच आहे.

तळाला राज्यघटना. धंदा करण्याचा तुमचा हक्क इथून येतो, अनुच्छेद १९(१)(छ) मधून. सरकार त्यावर बंधन घालू शकतं, पण ते वाजवी हवं आणि जनहितासाठी हवं. अनुच्छेद २६५ म्हणतो, कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. अनुच्छेद १३ सांगतो की मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा त्या मर्यादेपुरता रद्दबातल. आणि ‘कायदा’ म्हणजे काय, तर त्यात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, इतकंच काय रूढीसुद्धा येते.

त्यावर अधिनियम. संसदेने किंवा राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ संसदेचा. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा अधिनियम महाराष्ट्र विधिमंडळाचा. अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल तर राष्ट्रपती किंवा राज्यपाल अध्यादेश काढतात. त्याची ताकद कायद्याइतकीच, पण आयुष्य थोडं. सभागृहाने पुढे मंजूर केला नाही तर तो संपतो.

त्यावर नियम, विनियम, अधिसूचना आणि उपविधी. अधिनियमात सगळा तपशील लिहीत बसत नाहीत. तो ठरवायचा अधिकार कायदाच सरकारला, एखाद्या प्राधिकरणाला किंवा महापालिकेला देतो. हे कागद राजपत्रात छापले जातात आणि ते पाळावेच लागतात. अट एकच, मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या चौकटीत हवेत.

सगळ्यात वर शासन निर्णय, परिपत्रक, सूचना. शासन निर्णय म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो. हे प्रशासनाने स्वतःचं काम चालवण्यासाठी काढलेले कागद. योजना बहुधा इथूनच येतात. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये शासन निर्णयानेच सुरू झाला. म्हणून अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाताना तो जीआर वाचून जा, पात्रतेच्या अटी त्यातच असतात. पण जीआर किंवा परिपत्रक खालच्या अधिनियमाला किंवा नियमाला ओलांडू शकत नाही. उतरंडीतलं वरचं मडकं आहे ते.

न्यायालयांचे निर्णय या उतरंडीच्या बाजूला उभे असतात असं समजा. कुठल्या मडक्याचा अर्थ काय आणि कुठलं मडकं चुकीच्या जागी बसलंय, हे सांगायचं काम त्यांचं.

एक सरळ उदाहरण: चटणीला परवाना की नोंदणी?

आता एजंटचं वाक्य तपासू.

२००६ च्या अधिनियमाचं कलम ३१ म्हणतं, अन्नाचा धंदा करायचा तर परवाना हवा. तिथेच दुसरं पोटकलम सांगतं की अगदी छोटा उत्पादक, फेरीवाला, तात्पुरता स्टॉलवाला यांना परवाना नको, पण त्यांनी नोंदणी करायची.

मग छोटा म्हणजे किती छोटा? ते अधिनियमात नाही. ते सापडतं २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांत. त्यात वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत अशी मर्यादा ठरवली गेली आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं गेलं. असे आकडे अधिनियमाला हात न लावता विनियमातल्या दुरुस्तीने बदलू शकतात. म्हणून अर्ज करायच्या दिवशी चालू आकडा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर बघायचा, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जायचं नाही.

म्हणजे एजंट अर्धा बरोबर. कागद लागतोच. पण सुरुवातीला तो कागद नोंदणीचा असू शकतो आणि परवान्याच्या नावाखाली तुमच्याकडून हजारो रुपये घ्यायचं कारण नाही. आणि नोंदणीवाल्यालाही स्वच्छतेच्या अटी आहेतच, त्या सुटत नाहीत.

वीस लाख की चाळीस? दोघंही बरोबर, आणि दोघंही अपुरे

केंद्रीय जीएसटी अधिनियमाचं कलम २२ वाचलं तर २० लाख दिसतात. मग चाळीस आले कुठून? ७ मार्च २०१९ च्या अधिसूचनेतून. १ एप्रिल २०१९ पासून फक्त माल विकणाऱ्यांना काही अटींवर ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट मिळाली. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे २० लाखच.

शेजाऱ्याने अधिनियम ऐकला होता, त्याच्या भावाने अधिसूचना. अधिसूचना वरच्या थरातली असली तरी तिला अधिकार कायद्यानेच दिलाय, म्हणून ती चालते.

पण थांबा, सोलापूरकरांसाठी खरी मेख पुढे आहे. आपल्याला कर्नाटक जवळ, तेलंगणा जवळ. चटणीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक पुण्याऐवजी विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादचं असू शकतं. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की कलम २४ लागतं आणि तिथे चाळीस लाखांची सूट उपयोगी पडत नाही. उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी हवी. काही हस्तकला वस्तूंसारखे मोजके अपवाद आहेत, पण चटणी त्यात नाही.

शिकायचं काय? आकडा पाठ करू नका. तो आकडा कुठल्या कागदात आहे आणि त्या कागदाला कुठल्या अटी चिकटल्यात, ते बघा.

मुंबई उच्च न्यायालयात गेलेलं प्रकरण

‘सरकारी खात्याने काढलेला कागद म्हणजे कायदाच ना सर?’ याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खऱ्या खटल्यात आहे, आणि तोही अन्न व्यवसायातला.

मे २०१३ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एक सूचनापत्र काढलं. ज्या पदार्थांची मानकं विनियमांत दिलेली नाहीत, त्यांच्यासाठी आधी ‘उत्पादन मंजुरी’ घ्या, मगच पुढे जा, असा त्याचा आशय. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स आणि इतर काही कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. लोकांवर बंधन घालायचं तर अधिनियमाने एक रस्ता आखून दिलाय. कलम ९२ प्रमाणे विनियम करायचे, त्याआधी मसुदा प्रसिद्ध करायचा, केंद्र सरकारची पूर्वमान्यता घ्यायची, आणि कलम ९३ प्रमाणे ते संसदेपुढे ठेवायचे. नुसत्या सूचनापत्राने हे सगळं टाळता येईल का?

३० जून २०१४ ला उच्च न्यायालय म्हणालं, नाही. या सूचनापत्राला कायद्याचं बळ नाही. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ ऑगस्ट २०१५ ला तिथेही तोच निकाल कायम राहिला आणि त्याच महिन्यात प्राधिकरणाने ती मंजुरीपद्धत थांबवली.

इथे गोष्ट संपवली तर तुम्ही चुकीचा धडा घ्याल. पुढचं नीट वाचा. २०१७ मध्ये विनिर्दिष्ट नसलेल्या अन्नपदार्थांच्या मंजुरीचे विनियम आले, रीतसर, राजपत्रातून. आधी जी गोष्ट सूचनापत्राने मागितली जात होती, त्यातली बरीच आता योग्य दारातून आली. आणि मग ती पाळावीच लागते.

म्हणजे न्यायालयाने अन्नाच्या सुरक्षिततेला विरोध केला नाही. न्यायालय म्हणालं, बंधन घालायचंय ना, मग कायद्याने सांगितलेल्या वाटेने या. उद्योजक म्हणून तुमची भूमिकाही अशीच हवी. नियमाला विरोध नाही, नियमाचा आधार विचारायचा.

त्याच वर्षी मॅगीचं प्रकरणही मुंबई उच्च न्यायालयात होतं. इथे प्रश्न सूचनापत्राचा नव्हता. प्राधिकरणाकडे कायद्याने दिलेला अधिकार होता, तो वापरून ५ जून २०१५ ला बंदीचा आदेश निघाला. पण १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायालयाने तो रद्द केला, कारण कंपनीला बाजू मांडायची संधी नीट दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालावर आदेश उभा होता त्यांच्या मान्यतेचाच प्रश्न होता. न्यायालयाने नमुने पुन्हा तपासायला लावले. अधिकार असणं एक आणि तो रीतीने वापरणं दुसरं. नेस्लेसारख्या मोठ्या कंपनीला जो हक्क मिळाला तोच, म्हणजे बाजू मांडायची संधी, छोट्या चटणीवाल्यालाही आहे. फक्त तो मागावा लागतो, लेखी आणि मुदतीत.

बंधनकारक आणि मार्गदर्शक: विजापूरच्या पाहुण्यांचं काय?

न्यायालयाच्या निर्णयांत दोन प्रकार ओळखा.

बंधनकारक म्हणजे जो खालच्या न्यायालयाला पाळावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाला मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय बंधनकारक. मग तो निर्णय मुंबईत झालेला असो, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात किंवा गोव्याच्या खंडपीठात. न्यायालय एकच.

मार्गदर्शक म्हणजे ज्याचा आदर होतो, विचार होतो, वकील तो पुढे ठेवतात, पण न्यायाधीशांना तो मान्य करायचं बंधन नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचा निर्णय सोलापुरात या प्रकारात मोडतो. विजापूर इथून गाडीने दोन-तीन तासांवर असेल, पण सीमा ओलांडली की न्यायालय बदलतं. पाहुणे खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे ते लागू असेलही. तुम्ही मात्र त्यावर विसंबून इथला कर किंवा शुल्क भरायचं थांबवू नका. आपल्या उच्च न्यायालयाने त्याच मुद्द्यावर काही म्हटलंय का, ते वकिलांना शोधायला सांगा.

आता उच्च न्यायालय आपल्याला पूर्वीपेक्षा जवळही आलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपलं सोलापूर, असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत.

हाच फरक न्यायालयाबाहेरही दिसतो. जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर टीव्हीवर ‘दर कमी झाला’ अशी बातमी येते आणि दुकानदार त्याच संध्याकाळी बिल बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या मोहित मिनरल्स निकालात सांगितलंय की परिषदेच्या शिफारशींना वजन आहे, पण त्या संसदेला किंवा विधिमंडळांना बंधनकारक नाहीत. तुमच्या बिलावरचा दर बदलतो तो अधिसूचना निघाल्यावर आणि तिच्यात लिहिलेल्या तारखेपासून.

परिपत्रक आलंय, आता?

पाचव्या मेसेजकडे वळू. परिपत्रकाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. खात्याचं परिपत्रक त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना पाळावं लागतं. ते तुमच्या बाजूचं असेल तर प्रिंट काढून फाईलला लावा, अधिकाऱ्याला ते दाखवता येतं. पण कायद्याच्या विरुद्ध जाणारं परिपत्रक न्यायालयात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००८ मध्ये रतन मेल्टिंगच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय.

याचा अर्थ ‘परिपत्रक आहे ना, मग मी मानत नाही’ असा काढू नका. काउंटरवरचा अधिकारी ते बाजूला ठेवू शकत नाही, त्याला तो अधिकारच नाही. शंका असेल तर लेखी हरकत नोंदवा, आवश्यक ती रक्कम हरकत कायम ठेवून भरा आणि अपिलाची मुदत सांभाळा. आदेश कितीही चुकीचा वाटला तरी तो रद्द होईपर्यंत तो तुमच्या समोर उभा असतो.

बाजाराचा नियम मोठा की कायदा?

आता पैशाचा प्रश्न. हा भाग चटणीवाल्याइतकाच टॉवेल, चादर, तयार कपडे आणि जॉबवर्क करणाऱ्यांसाठी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम चालवणारा असो की घरी शिलाई करणारी ताई, उधारीने सगळ्यांचीच झोप उडते.

रूढी हासुद्धा कायद्याचा एक उगम आहे, हे खरं. भारतीय करार अधिनियम १८७२ व्यापारातल्या रूढींना जागा ठेवतो. तागे कसे मोजायचे, घट किती धरायची, दलाली कुणी द्यायची, अशा गोष्टी करारात लिहिलेल्या नसतील तर बाजारातली जुनी पद्धत बघितली जाते. पण रूढी अधिनियमाच्या विरुद्ध गेली की अधिनियम जिंकतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ काय म्हणतो बघा.

- कलम १५: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस.
- कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.
- कलम १८: सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.
- कलम २४: दुसऱ्या कायद्यात याच्याशी विसंगत काही असलं तरी या तरतुदी वरचढ.

२०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की दोन पक्षांनी आपसात वेगळा करार केला असला तरी परिषदेकडे जायचा मार्ग बंद होत नाही. त्याच निकालात एक इशारा आहे. करार करताना नोंदणी नसेल तर या संरक्षणाचा दावा अडचणीत येतो. म्हणून उद्यम नोंदणी पहिलं बिल फाडण्याआधी करा. ती विनाशुल्क आहे. आणि बिलावर उद्यम क्रमांक व ‘देय मुदत ४५ दिवस’ छापून घ्या. एक लक्षात ठेवा, हे संरक्षण मुख्यतः स्वतः उत्पादन किंवा सेवा करणाऱ्यांसाठी आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने ते गृहीत धरू नये.

आता व्यवहाराची गोष्ट. कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून पहिल्याच उशिराला परिषदेत धाव घेतली तर गिऱ्हाईक जाईल, हे मलाही कळतं. पण कलम माहीत असणारा माणूस उधारीच्या बोलणीला बसतो तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो. ‘शेठ, नव्वद नको, पंचेचाळीस करू, कायद्यातही तेच आहे,’ एवढं म्हणायला तरी आधार मिळतो.

दोन गोष्टी हमखास राहतात: तारीख आणि हद्द

तारीख. कायदा मंजूर होणं आणि लागू होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. नव्या चार कामगार संहितांपैकी एक २०१९ मध्ये आणि तीन २०२० मध्ये संसदेने मंजूर केल्या. त्या लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच-सहा वर्षं ‘नवीन कायदा आला’ म्हणून घाबरवणारे मेसेज फिरतच होते. प्रत्येक कागदावर बघा, ‘अंमल केव्हापासून’.

हद्द. मुंबईतल्या एखाद्या सल्लागाराचा व्हिडिओ बघून तुम्ही महापालिकेचा परवाना समजून घेताय? मुंबई महापालिका १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमावर चालते. सोलापूर महापालिका १९६४ साली झाली आणि ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालते. उपविधी आणि शुल्कं वेगळी असू शकतात. आणि तुमचा गाळा महापालिकेच्या हद्दीत आहे, एमआयडीसीत आहे की ग्रामपंचायतीत, यावर कुणाकडे जायचं ते ठरतं.

दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर दुकानाची मराठी पाटी घ्या. राज्याच्या अधिनियमाच्या कलम ३६-क मध्ये ती तरतूद आहे. मूळ २०१७ चा कायदा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. २०२२ च्या दुरुस्तीने पाटीचं बंधन छोट्या दुकानांनाही आलं. व्यापारी संघटना न्यायालयात गेली, आणि २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाट्या लावायला दोन महिने दिले. ‘आपल्याकडे दोनच माणसं आहेत, आपल्याला नाही लागत’ हे २०२१ मध्ये बरोबर होतं. आज नाही.

मूळ आधार आणि दुय्यम आधार

राज्यघटना, अधिनियम, नियम, अधिसूचना, न्यायालयाचे निर्णय हे मूळ आधार. वकिलांची पुस्तकं, वर्तमानपत्रातले लेख, सीएंच्या नोट्स, आमचा व्हिडिओ आणि हा लेखसुद्धा, हे दुय्यम आधार. दुय्यम आधार वाईट नसतो. तो समजावतो, रस्ता दाखवतो. पण अधिकाऱ्यासमोर ‘अमुक चॅनेलवर सांगितलं होतं’ हे उत्तर चालत नाही. तिथे कलम, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीखच चालते.

मूळ कागद फुकट मिळतात. अधिनियमांसाठी ‘इंडिया कोड’, केंद्राच्या अधिसूचनांसाठी ‘ई-गॅझेट’, आणि राज्याच्या जीआरसाठी महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं संकेतस्थळ. कायदा लोकांना कळेल असा प्रसिद्ध झाला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच हरला विरुद्ध राजस्थान या खटल्यात मांडलंय. गुपचूप ठेवलेल्या कायद्यावर कुणाला शिक्षा करता येत नाही.

काउंटरवर काय बोलायचं?

आवाज चढवायचा नाही. असं म्हणायचं:

‘साहेब, मला हे पूर्ण करायचंच आहे. कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली हे लागतं तेवढं लिहून द्याल का? म्हणजे माझ्याकडून कागद राहणार नाहीत.’

बरेचदा इथेच काम होतं. खरा नियम असेल तर कलम मिळतं आणि तुमचं शंकानिरसन होतं. नसेल तर मागणीच मागे पडते. तरी अडलं तर दोन हत्यारं आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते आणि उशीर झाला तर अपील करता येतं.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि पाच रकाने आखा: ‘मला काय सांगितलं’, ‘कुठला कागद’, ‘कुणी काढला’, ‘कधीपासून’, ‘मला लागू का’. तुमच्या धंद्याबद्दल आजवर ऐकलेले पाच ‘नियम’ त्यात लिहा. सुरुवातीच्या पाच वाक्यांचा तक्ता असा भरेल:

- फूड लायसन्स: अधिनियम आणि विनियम. बंधनकारक. पण परवाना की नोंदणी ते उलाढालीवर.
- वीस की चाळीस: अधिनियम आणि अधिसूचना. दुसऱ्या राज्यात माल विकणार असाल तर दोन्ही आकडे बाजूला.
- विजापूरचा निर्णय: इथे मार्गदर्शक, बंधनकारक नाही.
- नव्वद दिवस: नुसती रूढी. पात्र सूक्ष्म व लघु उद्योगासाठी अधिनियम वरचढ.
- व्हॉट्सॲपचं परिपत्रक: मूळ कागद मिळेपर्यंत फक्त मेसेज.

दोन रकाने रिकामे राहिले तर घाबरू नका. तेच तुमच्या सीएंना किंवा वकिलांना विचारायचे प्रश्न. मोघम ‘सगळं बघून द्या’ म्हटलं की फी वाढते आणि उत्तरही मोघम मिळतं. नेमका प्रश्न विचारा, नेमकं उत्तर मिळेल.

पुढच्या भागात उद्यम नोंदणीचा अर्ज एकेक रकाना घेऊन भरू. तोवर ही वही तयार ठेवा. भेटू!